हत्तींच्या वाटा आणि जनुकांची साक्ष



कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तींची प्रतवारी प्रदेशानुसार दिलेली आहे. कलिंग, अंग व पूर्वेकडील हत्ती श्रेष्ठ, दशार्ण व अपरान्ताचे मध्यम आणि सौराष्ट्राचे कनिष्ठ असे त्यात म्हटले आहे. अपरान्त म्हणजे कोकणाचा किनारपट्टा. सौराष्ट्रात आज एकही रानटी हत्ती नाही. तेव्हा हत्तींचा वावर एकेकाळी कोठवर होता, हे ग्रंथ सांगू शकतात. परंतु ते तेथे कोठून आणि कोणत्या क्रमाने आले, या प्रश्नाचे उत्तर लेखनकलेहून कितीतरी जुने आहे. ते हत्तीच्या पेशींत लिहिलेले आहे.

ही लिपी वाचण्यासाठी हत्तीला पकडावे लागत नाही. ताज्या लिदीच्या पृष्ठभागावर आतड्याच्या अस्तरातील पेशी चिकटलेल्या असतात व त्यांतून डीएनए वेगळा करता येतो. तो दोन प्रकारचा असतो. तंतुकणिकांमधील, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील डीएनए केवळ आईकडून येतो. केंद्रकातील डीएनए आई व वडील या दोघांकडून. हत्तींच्या बाबतीत हा भेद विशेष उपयोगी ठरतो, कारण माद्या जन्मकळपातच राहतात आणि नर वयात आल्यावर कळप सोडतात. पहिला डीएनए माद्या कोठे स्थिरावल्या हे सांगतो, तर नर कोठवर भटकले हे दुसऱ्यातून कळते. दोन प्रदेशांतील हत्ती दोन्ही बाबतींत भिन्न आढळले, तर त्यांच्यामधील वाट नरांनीही फारशी ओलांडलेली नाही, असा अर्थ निघतो.

टी. एन. सी. विद्या, रामन सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच दिसले. नीलगिरीच्या सुमारे १५,००० चौरस किलोमीटर परिसरातील हत्तींमध्ये जनुकीय फरक जवळजवळ नव्हता. मात्र पालघाट खिंडीपलीकडील अन्नमलै व पेरियारचे हत्ती त्यांच्याहून स्पष्टपणे वेगळे निघाले. मधले अंतर अवघे ४० किलोमीटर! शेकडो चौरस किलोमीटर फिरणाऱ्या प्राण्याला ते कितीसे? पण हत्ती डोंगरउताराच्या रानाला धरून राहतो, आणि पश्चिम घाटाची रांग येथे तुटते.

त्या अभ्यासाचा आधार मोजक्या जनुकीय खुणांचा होता. २०२४ मध्ये भारतीय संशोधकांनी देशाच्या बहुतेक हत्तीक्षेत्रांतील ३४ हत्तींचे संपूर्ण जनुकसंच वाचून तयार केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र अधिक खोल झाले. भारतातील हत्तींचे पाच गट ठरले: उत्तरेचा एक (यात वायव्य व ईशान्य दोन्ही आले), मध्य भारताचा एक आणि दक्षिणेत तीन, म्हणजे पालघाट खिंडीच्या उत्तरेस, तिच्या दक्षिणेस आणि आणखी खाली शेंकोट्टा खिंडीच्या दक्षिणेस. उत्तरेचा गट इतरांपासून ७०,००० वर्षांहून अधिक काळापूर्वी विलग झालेला आहे. जनुकीय वैविध्य उत्तरेकडे सर्वाधिक असून दक्षिणेकडे जावे तसे ते विरळ होत जाते.

या उतरंडीवरून प्रसाराची दिशा समजते. मिश्र धान्याच्या पोत्यातून पायलीभर काढले आणि त्या पायलीतून मूठभर घेतले, तर प्रत्येक वेळी काही वाण मागे राहून जातात. नव्या प्रदेशात पोहोचणारा छोटा कळपही मूळ गटाच्या वैविध्याचा काही अंशच सोबत नेतो, आणि त्यातून पुढे निघणारा कळप त्याहून कमी. हत्ती उत्तरेकडून दक्षिणेकडे टप्प्याटप्प्याने पसरले, असे अनुमान त्यावरून निघते.

खिंडींच्या दक्षिणेकडील दोन्ही गटांत वैविध्य कमी आणि अंतःप्रजनन अधिक आहे. तेथे डोळ्यांना दिसणाऱ्या हत्तींच्या मानाने पुढील पिढीच्या जनुकांत खरोखर वाटा उचलणारी संख्या फारच थोडी आहे. केवळ शिरगणतीवर विसंबणाऱ्या नियोजनातून ही गोष्ट निसटते. शेंकोट्टा खिंडीतून १९०४ पासून रेल्वे जाते. पालघाटची खिंड निसर्गाने केली. येथे मात्र निसर्गाच्या अडथळ्यात मानवाची भर पडली आहे.

केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील अरिकोंबन नावाच्या हत्तीला २०२३ मध्ये उपद्रवामुळे प्रथम पेरियारमध्ये सोडण्यात आले. तो तमिळनाडूत उतरल्यावर तेथील वनविभागाने त्याला कळक्काड-मुंडंतुरै व्याघ्र प्रकल्पात नेले. म्हणजे शेंकोट्टा खिंड त्याने मालमोटारीतून ओलांडली. स्थलांतराचा हेतू लोकांच्या सुरक्षिततेचा होता. परंतु त्याला तेथे संतती झाली, तर एका गटाची जनुके दुसऱ्यात मिसळतील. अंतःप्रजननाने क्षीण झालेल्या गटाला अशी भर उपकारकही ठरू शकते. मात्र तो निर्णय जनुकीय माहिती समोर ठेवून घेतलेला असावा, योगायोगाने घडलेला नव्हे.

लिदीतील डीएनए आता राष्ट्रीय गणनेतही आला आहे. २०२१ ते २०२५ या काळातील गणनेत २१,००० हून अधिक नमुने गोळा झाले, त्यांतून ४,०६५ स्वतंत्र हत्ती ओळखले गेले आणि देशातील हत्तींची संख्या सुमारे २२,४४६ असल्याचा अंदाज ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला. २०१७ चा आकडा २९,९६४ होता. पद्धतच बदलल्यामुळे या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘घट’ काढणे योग्य नाही. परीक्षेतील उत्तरात ही चूक सहज होऊ शकते.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात हत्ती कर्नाटकाच्या बाजूने आले, आणि २०२१ मध्ये गडचिरोलीत कळप शिरला तो छत्तीसगडमधून. आलेल्या दिशांचा विचार करता पहिले दक्षिणेच्या गटातील, तर दुसरे मध्य भारतीय गटातील असावेत. एका राज्याच्या दोन टोकांना दोन निरनिराळ्या प्रवासांचे वंशज असतील, तर दोन्हीकडील हत्तींसाठी एकच व्यवस्थापन आराखडा पुरणार नाही.