कुंडीतला बहुरूपी



या व्यासपीठावरून आपण राज्यकारभार, अर्थकारण, वेदान्त असे भारदस्त विषय ऐकत आला आहात. माझा विषय फार तर दीड इंच लांबीचा आहे. पण तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, कढीलिंबाच्या किंवा लिंबाच्या कुंडीत, या क्षणीही पाने कुरतडत बसलेला असण्याचा संभव आहे. पुच्छ फुलपाखरांच्या अळीबद्दल मी बोलणार आहे. महाराष्ट्राने 2015 साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला तो ‘ब्लू मॉर्मन’ याच घराण्यातला. त्याचा धाकटा भाऊबंद ‘कॉमन मॉर्मन’ शहरातल्या कढीलिंबावर नेहमी येतो, आणि लिंबावर येणाऱ्या काळ्यापिवळ्या फुलपाखराला इंग्रजीत लिंबाचेच नाव आहे.

मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे सुटे घालते. अंडे वाटोळे, फिकट पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान. तीन-चार दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत चार वेळा कात टाकते. पहिल्या चार अवस्थांत ती काळपट-तपकिरी असते आणि अंगावर पांढरे पट्टे असतात. पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच पाहणाऱ्याला वाटते. चौथी कात टाकली की तीच अळी हिरवीगार होऊन बाहेर येते. मग गृहिणी म्हणते, “परवा काळी कीड होती, आज हिरवी लागली!” कीड दुसरी नव्हे, पात्र तेच, सोंग बदलले.

हे सोंग का बदलावे? अळी लहान असते तोवर विष्ठेचे सोंग शोभते, कारण आकार जुळतो. बोटाएवढी विष्ठा कोणता पक्षी टाकणार? आकार वाढला की ते सोंग उघडे पडते, आणि पानात पान होऊन राहणे अधिक सोयीचे ठरते. हे झाले प्रयोजन. यामागची यंत्रणा जपानी शास्त्रज्ञांनी तिकडच्या अशाच एका पुच्छ फुलपाखरावर प्रयोग करून 2008 साली दाखवली. कीटकाच्या शरीरात त्याचे बाल्य टिकवणारा एक रस असतो. चौथ्या अवस्थेत त्याचे प्रमाण उतरते, म्हणून पुढची कात हिरवी येते. त्या अवस्थेच्या आरंभी तसाच रस बाहेरून दिला, तर पाचव्या अवस्थेतली अळी पुन्हा विष्ठेच्याच वेषात प्रकटते!

रंगाला हवामानाचीही आज्ञा मानावी लागते. अमेरिकेत टेक्सासकडे ईश्वरीच्या जातीतल्या वेलींवर वाढणारे एक पुच्छ फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या एरवी काळ्या असतात. पण पारा 30 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागला की त्यांत लाल अळ्या दिसू लागतात. काळा रंग ऊन शोषतो, लाल अळी कमी तापते. उन्हाळ्यात आपण पांढरे कपडे घालतो, त्यातलाच हा प्रकार.

सर्वांत मोठी मौज कोशाची. पूर्ण वाढलेली अळी खाणे सोडते, पोट रिकामे करते आणि जागा शोधत भटकते. जागा सापडली की रेशमाची गादी विणून शेपटीकडचे टोक तीत रोवते, कमरेभोवती रेशमी दोरा घेते आणि स्वस्थ राहते. या एक-दोन दिवसांत कोशाचा रंग ठरतो. हिरव्या पानांत, गुळगुळीत देठावर बसली तर बहुधा हिरवा. वाळक्या, खडबडीत काटकीवर बसली तर बहुधा तपकिरी. एकाच मादीच्या दोन पोरांचे कोश असे वेगळे होतात. इंग्लंडात पोल्टन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या एका जातीच्या अळ्या सोनेरी मुलाम्याच्या पेटीत ठेवल्या, तेव्हा कोशांवर सोनेरी झाक आली! घरी हा प्रयोग करायला सोने नको. एका बरणीत वाळकी काटकी ठेवा, दुसरीत हिरवी फांदी, आणि नोंद करा. मात्र एका अळीवरून सिद्धान्त ठोकू नका. प्रकाश, ओलावा, पृष्ठभाग अशी अनेक कारणे एकत्र येऊन कौल देतात.

आता पाळण्याची रीत. अंडे किंवा लहान अळी पानासकट आणावी. मोठ्या अळीत बहुधा गांधीलमाशीच्या जातीतले बारीक परोपजीवी आधीच शिरलेले असतात, आणि मग कोशातून फुलपाखराऐवजी तेच बाहेर पडतात. हेही निसर्गाचेच काम. मुलांपासून ते लपवू नये. रुंद तोंडाची बरणी घ्यावी, तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. फांदी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते. लेंड्या रोज काढाव्यात. बरणी उन्हात ठेवू नये. ज्या झाडावर अळी सापडली त्याचीच पाने द्यावीत. बाजारच्या कढीलिंबावर औषध मारलेले असू शकते. कात टाकायला बसलेली अळी हलत नाही, तिला मेली समजून फेकू नये. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दुबेळके शिंग काढते आणि खवट वास सोडते. भिऊ नका, ते मुंग्यांसाठी आहे. साधारण आठ-दहा दिवसांनी कोश काळवंडतो आणि फुलपाखरू निघते. त्या वेळी तांबूस थेंब पडतात, ते रक्त नव्हे. ओले पंख लोंबत ठेवायला त्याला काटकी हवी. मदतीचा हात पुढे करू नका. पंख वाळले की खिडकी उघडा.

कोणी विचारील, ही तर कीड. तिला पोसायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. विदर्भातल्या संत्र्या-लिंबाच्या रोपवाटिकेत हीच अळी कोवळी रोपे बोडकी करते, आणि तिथला शेतकरी ती वेचून काढतो त्यात त्याचे काही चुकत नाही. त्याच्या पोटापुढे आपले कौतुक मी ठेवणार नाही. पण आपल्या कुंडीचा हिशेब वेगळा आहे. जोमदार कढीलिंब तीन-चार अळ्या पोसूनही पुन्हा फुटतो. जास्त असतील तर थोड्या ठेवा, बाकीच्या दुसऱ्या झाडावर सोडा. आणि फवारणीला हात घालण्यापूर्वी एवढे आठवा, की तीच पाने उद्या आपल्या फोडणीत पडणार आहेत.

हा पोरखेळ आहे असेही कोणी समजू नये. 1647 साली जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन हिने लहानपणापासून घरात अळ्या पाळल्या, आणि कोणती अळी, कोणते झाड, कोणते फुलपाखरू याची चित्रे काढून 1679 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. चिखलातून किडे आपोआप उपजतात असे लोक मानत, त्या काळची ही गोष्ट. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातल्या सरकारी नोकरांनी, डेव्हिडसन आणि एटकेन यांनी, अळ्या-कोशांची वर्णने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्यांतले एटकेन तर मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातले! त्यांची मुख्य हत्यारे म्हणजे डोळे, वही आणि रोजची सवड.

ही तिन्ही आपल्यापाशी आहेत. मुलाला फुलपाखराचे चित्र विकत देणे सोपे आहे. पण तीन आठवडे रोज पाने आणून, लेंड्या काढून, तारखा लिहून त्याने जे पाहिले असेल ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही. उद्या सकाळी कढीलिंब खुडताना पान जरा उलटून पाहा. पक्ष्याची घाण म्हणून जे झटकाल, त्याला आधी काडीने हळूच डिवचा. नारिंगी शिंग दिसले, तर बरणी धुवायला घ्या.