टाकीतला सकर मासा

सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला,
अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यांतला.

त्याच्या अंगावर खवले नसतात.
हाडांच्या कठीण पट्ट्या असतात, चिलखतासारख्या.
तोंड खालच्या बाजूला असते.
त्याने तो दगडाला चिकटतो,
शेवाळ खरवडून खातो.

म्हणूनच तो घरच्या मत्स्यटाकीत येतो.
येताना बोटभर असतो.
पुढे हातभर वाढू शकतो.
टाकी अपुरी पडते.
मग कुणीतरी, बहुधा दयेपोटीच, त्याला नदीत सोडते.

टाकीतला सकर मासा नदीत सोडू नये.

हा मासा हवा गिळून पोटातून प्राणवायू घेतो.
त्यामुळे घाण पाण्यातही तो तगतो.
अंड्यांसाठी तो काठात खोल बिळे करतो.
त्या बिळांनी काठ ढासळतात.
अंडी नर राखतो, म्हणून पिल्ले पुष्कळ जगतात.

भीमेवरच्या उजनी जलाशयात तो पसरला आहे.
त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात.
बाजारात मात्र त्याला भाव नाही.
कष्टकऱ्यांचे हे नुकसान मोठे आहे.

हा धोका दुसरीकडेही आहे. नाशिकची नासर्डी नदी गोदावरीला मिळते.
तिथे इंदिरानगरातल्या एखाद्या टाकीतला मासा नासर्डीत सोडला,
तर गोदावरी त्याला दूर नाही.

म्हणून पुन्हा सांगायचे ते हेच.
सकर मासा नदीत नको, नाल्यात नको, तळ्यातही नको.
टाकीत मावेनासा झाला,
तर तो मत्स्यविक्रेत्याकडे परत द्यावा.