शेतातील औषधे आणि स्त्रियांचे आरोग्य
(समाजाच्या वार्षिक संमेलनात शेलूबाजार येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला बोलण्यास पाचारण केले, तेव्हा मी शिक्षणावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु ज्याविषयी चारचौघांत बोलण्याचा आपल्यात प्रघात नाही, असा विषय मी मुद्दाम घेतला आहे. तो म्हणजे स्त्रियांचा कर्करोग आणि शेतात व घरात वापरल्या जाणाऱ्या विषारी औषधांचा त्याच्याशी असलेला संबंध. मी वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. वाचून जे समजले, तेवढेच सांगणार आहे.

आपल्या शरीरातील काही ग्रंथी अत्यल्प प्रमाणात जे रस निर्माण करतात, त्यांस संप्रेरके म्हणतात. इस्ट्रोजेन हे त्यांपैकीच एक. मुलगी वयात येते, तिच्या स्तनांची वाढ होते, ती त्याच्या आज्ञेने. पेशीला जणू कुलूप असते आणि संप्रेरक ही त्याची किल्ली. काही कृत्रिम रसायनांची घडणच अशी असते की, ती त्या कुलपात खोट्या किल्लीसारखी बसतात. नको त्या वेळी वाढीची आज्ञा मिळत राहिली, तर कर्करोगास वाव मिळू शकतो. मात्र विष पोटात गेल्याने माणूस तत्काळ दगावतो, तसे हे नव्हे. याचे फळ कित्येक वर्षांनी दिसते, आणि म्हणूनच ते कोणी औषधाच्या खाती मांडीत नाही.

अमेरिकेत पूर्वी गर्भपात टळावा म्हणून गरोदर स्त्रियांस डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन देत असत. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, त्या मातांच्या काही मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग झाला. औषध घेतले आईने, भोगले लेकीने.

आता आपल्या परिचयाच्या डी.डी.टी.कडे वळू. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ पासून आपल्या देशात हिवतापाविरुद्ध त्याची मोहीम सुरू झाली. घरोघरच्या भिंतींवर ते फवारले जाई. त्याने असंख्य जीव वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शेतीसाठी त्याचा वापर १९८९ साली बंद झाला. आज साठीच्या आसपास असलेल्या भगिनी त्या काळी परकर-पोलक्यातल्या मुली होत्या, हे ध्यानात घ्या. कॅलिफोर्नियात जपून ठेवलेले जुने रक्ताचे नमुने तपासून २००७ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्यांच्या रक्तात डी.डी.टी. अधिक होते आणि त्याचा प्रसार झाला तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आतील होत्या, त्यांच्यात पन्नाशीपूर्वी स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे पाचपट होते. ज्या तेव्हा चौदाच्या पुढे होत्या, त्यांच्यात तसे आढळले नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये २००२ सालच्या पाहणीतही मोठ्या स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नव्हता. यावरून शेलूबाजारच्या बाईस अमुक पट धोका, असा त्रैराशिकाचा हिशेब कोणी मांडू नये. परंतु मुलीचे वाढीचे वय नाजूक असते, एवढे यातून खचित निघते.

आणि आपल्या मुली त्या वयात कोठे असतात? श्रावण-भाद्रपदात माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागे. त्या निंदणाला, किंवा पंपात औषध कालवताना पाणी आणून देण्यासाठी वावरात गेलेल्या असत. कपाशीवर वर्षानुवर्षे मारलेले एंडोसल्फान हेही प्रयोगशाळेत इस्ट्रोजेनसारखे वागणारे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बंदी घातली. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा सर्वत्र हातमोजे व मुखपट्टीची चर्चा झाली. ती सारी फवारणाऱ्या पुरुषासाठी. त्याचे भिजलेले कपडे हाताने धुणारी, रिकामा डबा विसळून घासलेटास ठेवणारी बाई कोणाच्याच गणतीत आली नाही.

तेव्हा फवारणीचे कपडे निराळे धुवावेत, शक्य तर ज्याचे त्याने धुवावेत. यात पुरुषाच्या प्रतिष्ठेस धक्का लागतो असे मला वाटत नाही. रिकामे डबे फोडून टाकावेत. मुली व गरोदर सुना औषधाजवळ फिरकता कामा नयेत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण मात्र निराळे. तो मुख्यतः एका विषाणूमुळे होतो व त्यावर लस आहे.

झालेला संसर्ग मागे घेता येत नाही. तथापि मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केल्याने पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नाही, सुई नाही. तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य करण्याची योजना आहे. आपल्या भगिनी लज्जेने गाठ पदराआड ठेवतात आणि ती वाहू लागल्यावर नागपूरची वाट धरतात.

कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, पुढील वर्षी सत्काराच्या शाली व नारळांच्या खर्चातून निम्मी रक्कम काढून प्रत्येक कुटुंबास रबरी हातमोज्यांचे दोन जोड द्यावेत. एक पंपाजवळ ठेवण्यास, दुसरा धुण्याच्या दगडाजवळ.