सापळ्याला धनी नसतो



कादंबरीचं नाटक होतं, नाटकाचा सिनेमा होतो आणि मग मूळ बरं की रूपांतर, यावर आपण तावातावाने भांडतो. आज मी ज्या रूपांतराबद्दल बोलणार आहे, त्यावर आपल्याकडे फारसं कुणी भांडलेलं नाही. एका चित्रमालिकेचा व्हिडिओ गेम झाला, त्याची ही गोष्ट. नाव 'स्पाय व्हर्सेस स्पाय'. एक हेर काळ्या पोशाखातला, दुसरा पांढऱ्या. टोकदार लांब नाकं, रुंद काठाच्या टोप्या. रंग सोडला तर दोघांत तिळाएवढाही फरक नाही.

हे हेर कागदावर आणले अंतोनियो प्रोहियास या क्यूबन व्यंगचित्रकाराने. मायदेशी त्याचं मोठं नाव होतं. फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आल्यावर त्याने त्यांच्यावरही चित्रं काढली आणि तो सीआयएचा हस्तक असल्याचा आरोप झाला. 1960 च्या मे महिन्यात तो न्यूयॉर्कला आला. इंग्रजीचा गंध नव्हता, पोटासाठी कारखान्यात राबत होता. जुलैत तो 'मॅड' या विनोदी नियतकालिकाच्या कचेरीत जाऊन उभा राहिला, दुभाषी म्हणून मुलीला सोबत घेऊन. चित्रांत शब्दच नव्हते, त्यामुळे मुलीला फक्त पैशांचं बोलणं करायचं होतं. (हशा) ज्याला सरकारने हेर ठरवलं, त्याने हेरांचीच फजिती रंगवायला घेतली. 1961 च्या सुरुवातीला मालिका छापून आली आणि 1987 पर्यंत तो ती काढत राहिला. सही असायची मोर्सच्या ठिपक्या-रेघांत.

प्रत्येक चित्रकथेचा साचा साधा. एकजण सापळा रचतो, दुसऱ्याला त्याचा सुगावा आधीच लागलेला असतो, आणि शेवटच्या चौकटीत भलत्याचाच धूर होतो. आज काळा जिंकला, तर पुढच्या वेळी पांढरा. कोणाचा देश कोणता, कोणाची बाजू न्यायाची, याचा पत्ता प्रोहियास लागू देत नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना, त्याच युद्धात देश गमावलेल्या माणसाने हे संयमाने पाळावं, याचं मला फार मोल वाटतं.

आता याचा गेम करायचा म्हणजे मोठीच पंचाईत. चित्रकथेत वाचक वर बसून सगळं पाहत असतो आणि बळी मात्र अंधारात असतो. खेळात वाचकालाच हेर व्हायचं आहे. मग त्याला किती दाखवायचं आणि काय लपवायचं? शिवाय दोन खेळाडू वेगवेगळ्या खोल्यांत फिरणार आणि घरात टीव्ही एकच. त्या काळी दोघांच्या खेळाच्या ठरावीक रीती होत्या. 'पाँग'सारखा एकच पडदा दोघांनी वापरायचा, नाहीतर 'पॅक-मॅन'सारखं आळीपाळीने खेळायचं.

न्यूयॉर्कच्या फर्स्ट स्टार सॉफ्टवेअर या कंपनीने 1984 मध्ये यावर उत्तर काढलं. गेम रचला मायकेल रीडेलने. त्याने पडदा आडवा कापला. वरच्या अर्ध्यात एक हेर, खालच्या अर्ध्यात दुसरा, आणि दोघं एकाच वेळी मोकळे. दोघं एकाच खोलीत आले की एकाच अर्ध्यात दिसतात आणि मारामारीला तोंड फुटतं.

जागा एका वकिलातीची. कपाटं, टेबलं, तसबिरी उचकून गुप्त कागद, पासपोर्ट, पैसे, किल्ली शोधायची आणि हे सगळं ज्या बॅगेत मावतं ती बॅगही शोधायची. मग विमानतळाकडे जाणारं दार गाठायचं. वाटेत प्रतिस्पर्ध्यासाठी सापळे पेरायचे: कपाटात बॉम्ब, फर्निचरमागे स्प्रिंग, दारावर पाण्याची बादली, दोरीला बांधलेलं पिस्तूल. प्रत्येकावर उतारा आहे, बादलीला छत्री, पिस्तुलाच्या दोरीला कात्री. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. मेलात तर पुन्हा उठता, पण तुमच्या वाट्याची वेळ कापली जाते.

खरी खुबी पुढे आहे. प्रतिस्पर्धी सापळा लावतोय, ते तुम्हाला पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यात ढळढळीत दिसतं. लपवाछपवी अशी काही नाहीच. पण त्याच्याकडे पाहत बसलात तर तुमचा हेर ताटकळतो, घड्याळ धावतं. आपल्या कामात गढलात तर त्याने काय पेरलं ते निसटतं. एकदा लावलेल्या सापळ्याची खोलीत कसलीही खूण राहत नाही. आणि सापळा धनी ओळखत नाही. स्वतः लावलेला बॉम्ब विसरून तेच कपाट उघडलंत, तर भस्मासुराचा हात भस्मासुराच्याच डोक्यावर. प्रोहियासच्या शेवटच्या चौकटीतला विनोद इथे नियम होऊन बसला आहे. रीडेलने फक्त टोप्या आणि नाकं उचलली असती, तर दोन मिनिटांची करमणूक झाली असती. त्याने त्या जगाचा कायदा उचलला.

पुढे 1985 मध्ये 'द आयलंड केपर' आला. त्यात बेटावर क्षेपणास्त्राचे भाग शोधायचे, फावड्याने खड्डे खणायचे आणि पाणबुडी गाठायची. 1986 च्या 'आर्क्टिक अँटिक्स'मध्ये बर्फ आणि थंडी. दोन्ही मजेदार आहेत, पण मला पहिला सरस वाटतो. बेटावर खड्डा असणारच. कपाटाचा खण किंवा खोलीचं दार यांचं भय वाटायला लावणं अवघड.

एका बाबतीत मात्र गेम मूळ मालिकेच्या पुढे गेला. कागदावरच्या दोघांनाही आपण हसतो, कारण आपण दोघांचेही नसतो. गेम सुरू करताना एक रंग पत्करावाच लागतो, आणि पहिली बादली डोक्यावर पडली की तो रंग 'आपला' होतो. मग समोरच्याने केला तर दगा, आपण केला तर डावपेच! (हशा) नियम दोघांना तेच, हत्यारं तीच, वकिलातही तीच. प्रोहियासने ही निष्ठा दुरून दाखवली होती, रीडेलने ती आपल्या अंगात भिनवली. प्रोहियासचे दोघं एकमेकांसारखे का, हे वाचकाला कळतं. हा गेम खेळणारा स्वतःच तिसरा हेर होऊन ते सिद्ध करतो. म्हणून मी या गेमला यशस्वी रूपांतर म्हणतो.