भिंतीवर कोरलेला कारभार

सरपंच-सदस्यांच्या संमेलनात स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे गोडवे गावेत, ही जुनी रीत. स्वागत समितीने मात्र यंदा अकराशे वर्षांपूर्वीच्या एका परगावच्या कारभाराची ओळख करून द्यायचे ठरवले आहे.

तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यात उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तिथल्या वैकुंठ पेरुमाळ मंदिरात आज लोक देवदर्शनासाठी जातात. चोळांच्या काळी गावची सभा तिथल्या मंडपात भरे. चोळ राजा पहिल्या परांतकाच्या कारकिर्दीत, इ.स. 919 आणि 921 मध्ये, सभेच्या निवडणुकीचे नियम तिथल्या दगडांवर कोरले गेले.

गावाचे 30 वॉर्ड होते. प्रत्येक वॉर्डातल्या पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घड्यात टाकत आणि सगळ्या सभेदेखत एका अजाण मुलाला चिठ्ठी काढायला लावत. चिठ्ठी घेणाऱ्या मध्यस्थाने पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावरच ती घ्यायची! निवडलेल्या 30 जणांपैकी 12 वार्षिक समितीवर, 12 बागांच्या आणि 6 तलावाच्या समितीवर जात. मुदत 360 दिवसांची.

उमेदवाराचे वय 35 ते 70 असावे, घर स्वतःच्या जागेवर असावे आणि मागील तीन वर्षांत तो कोणत्याही समितीवर नसावा, अशा अटी होत्या. खरी कडक अट हिशेबाची. समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो तर बाद होईच; त्याचे मामेभाऊ, मावसभाऊ, सासरा, मेहुणा, जावई यांच्याही चिठ्ठ्या घड्यात पडत नसत.

या सभेचे कौतुक बेतानेच केलेले बरे. उत्तरमेरूर हे ब्राह्मणांना दान दिलेले गाव होते. वेदांचे ज्ञान आणि सारा भरणारी जमीन नसलेल्याला सभेत जागा नव्हती. शेतात राबणारा कूळवर्ग आणि बायका हिशेबातच नव्हत्या. शिवाय नियम ठरवताना राजाचा अधिकारी हजर होता. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राचीन ग्रामराज्यांच्या अभिमानावर कठोर टीका केली.

माणसांना कारभाराबाहेर ठेवणाऱ्या अशा भिंती 73व्या घटनादुरुस्तीने मोडायला घेतल्या. 24 एप्रिल 1993 पासून ती अमलात आली, आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखल्या. आज या मांडवात पहिल्या रांगांत बसलेल्या सरपंच भगिनींच्या नावाची चिठ्ठी उत्तरमेरूरच्या घड्यात पडली नसती.

जमाखर्चाची अट मात्र उचलण्याजोगी आहे. म्हणून चहापानानंतरचे पहिलेच सत्र ग्रामपंचायतींच्या लेखापरीक्षणावर ठेवले आहे. प्रतिनिधींनी आपापल्या गावचे ताळेबंद सोबत आणले असतील, असे समिती धरून चालते.