दोन खरेद्या, दोन अज्ञात भाव



मुंबईत प्रभादेवी येथे १८०१ साली बांधलेले श्रीसिद्धिविनायकाचे मंदिर आहे. समजा, तेथील एका दुकानातून एका कुटुंबाने २ नारळ व ३ हार १७० रुपयांस घेतले. दुसऱ्याने त्याच भावाने ३ नारळ व २ हार १८० रुपयांस घेतले. तर प्रत्येकाचा भाव काय?

असे शाब्दिक उदाहरण आले की पुष्कळ मुले हताश होतात. त्यांना आकडेमोड येत नाही असे नव्हे. वाक्यातून गणित वेगळे काढणे त्यांस जमत नाही. म्हणून आरंभीच अक्षरांचा आग्रह धरू नये. दोन्ही खरेद्या एकत्र करावयास सांगावे : ५ नारळ व ५ हार, ३५० रुपये. म्हणजे एका जोडीस ७० रुपये. पहिल्या खरेदीत दोन जोड्यांचे १४० रुपये वजा जाता एक हार उरतो. त्याचे मूल्य ३० रुपये. अर्थात नारळ ४० रुपयांचा. ताळा दुसऱ्या खरेदीवरून घ्यावा : १२० अधिक ६० बरोबर १८०.

हीच रीत पुढे २न + ३ह = १७० व ३न + २ह = १८० अशी लिहिली की एकसामयिक समीकरणे होतात. मात्र ‘न’ म्हणजे नारळ नव्हे, तर एका नारळाचे रुपये, हे मुलांच्या मनावर ठसविले पाहिजे. येथेच बहुतेकांची चूक होते.

ही रीत नवी नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात असेच उदाहरण घातले आहे : ९ महाळुंगे व ७ कवठे यांचे मूल्य १०७, तर ७ महाळुंगे व ९ कवठे यांचे १०१. बेरजेने जोडीचा भाव १३ व वजाबाकीने भावांतील अंतर ३ येते. म्हणून महाळुंग ८ चे, कवठ ५ चे.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. दुसरी खरेदी ४ नारळ व ६ हार, ३४० रुपये, अशी असती तर? ती पहिलीचीच दुप्पट. तिच्यातून नवी माहिती मिळत नाही व भाव निश्चित होत नाही. हे ज्या मुलाने ओळखले, त्यास गणित समजले असे मानावे.

आपल्या गावच्या आठवडे बाजारातील खरेदीवरून मुलांकडूनच अशी उदाहरणे रचून घ्यावीत. जो मुलगा तोंडी हिशेबाने उत्तर काढील, त्यास ‘रीत चुकली’ म्हणून खाली बसवू नये. समीकरणाचे बीज त्याच हिशेबात असते.