छोट्या स्टेशनचा थांबा

मुंबई-हावडा मार्गावरच्या मूर्तिजापूर जंक्शनवरून एकेकाळी एक छोटी गाडी दोन दिशांना फुटत असे. एक फाटा कारंजा, दारव्हा करत ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला. दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत ७७ किलोमीटरवरच्या अचलपूरला. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं हा मार्ग उभारला तो वऱ्हाडच्या कापसासाठी. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढे आणि मुंबईमार्गे मँचेस्टरला जाई. १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत ही गाडी ओढत होतं. मग डिझेलचं आलं. लोक मात्र तिला ‘शकुंतला’च म्हणत राहिले.

अचलपूरच्या फाट्यावर खिडकीशी बसलं की वऱ्हाड समजत असे. लाखपुरीजवळ पूर्णा लागे. मग दर्यापूरकडचा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी खारं. म्हणून इथला शेतकरी आभाळाकडे बघतो. कपाशी, तूर आणि मागाहून ओलीवर हरभरा घेतो. अंजनगावला पानमळे आणि पानपिंपळी दिसू लागली, की ओळखावं, पाणी गोडं झालं. पथ्रोट सोडलं की संत्र्याच्या बागा, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ.

अधली-मधली स्टेशनं अगदी लहान. एक खोली, एक निंबाचं झाड, एक पाटी. काही ठिकाणी तिकीट गार्डच फाडून देई. फाटक आलं की गाडीतला माणूस खाली उतरून ते लावी, गाडी पुढे गेली की उघडी आणि पुन्हा चढे. कुणी ओरडलं, “थांबा जी, माय येऊन राह्यली,” तर गाडी थांबे. भाजीची टोपली, कॉलेजची वही, उरुसाला निघालेलं कुटुंब, सारं एकाच डब्यात. ‘रामराम भाऊ’ आणि ‘सलाम चाचा’ एकाच बाकावर चाले. कंपनीनं स्टेशन बांधलं कापसासाठी. गावानं ते माणसांसाठी वापरलं.

२०१०च्या दशकात ही गाडी बंद पडली. रूळ झिजलेले, पूल जुने, वेग सायकलीचा. तिच्या जागी ब्रॉडगेज हवी, ही मागणी योग्यच आहे. आजारी माणसाला अमरावती-अकोला वेळेत गाठायचं असतं, संत्र्याला दूरची बाजारपेठ हवी असते. आठवणींनी कुणाचं पोट भरत नाही.

पण रुंद रुळांची गाडी वेगानं धावते, आणि वेगाला थांबे खुपतात. दर्यापूर, अंजनगावला ती थांबेलच. लाखपुरी, पथ्रोटचं काय? गावावरून गाडी गेली म्हणजे गावाला गाडी मिळाली असं होत नाही. एसटीचं किंवा ऑटोचं भाडं ज्या मजूर बाईला परवडत नाही, तिच्यासाठी रेल्वेचं स्वस्त तिकीट म्हणजे मजुरीतले पैसे वाचणं. म्हणून नव्या मार्गाची मागणी करताना लहान थांब्यांची यादीही त्याच अर्जात असावी. मार्ग झाल्यावर थांबा मागणं फार अवघड जातं.

मराठीत ‘थांबा’ हा शब्द मोठा गोड आहे. ते जागेचं नाव आहे, आणि विनंतीही. रेल्वेनं निदान सकाळ-संध्याकाळ ती ऐकावी.